युद्ध पेटलं की निष्ठेचा दाखला कुणाकडं मागायचा?

शाहूपुरीकर
काल कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश स्मारकापाशी बसलो होतो. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५००० पोलिश माणसं राहिली. सोव्हिएत राजवटीनं सैबेरियात हाकललेली, बहुतेक बायका-पोरं. इथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, पोरं पोलिशच राहून मोठी झाली. आपल्याला याचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण १९६२ आठवा. चीनशी युद्ध झालं आणि आसाम-बंगालमधल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं. कित्येकांचा जन्म इथलाच. खटला नाही, काही नाही. काही जण १९६७ पर्यंत अडकून पडले. परक्यांना आसरा देणारे आपण, आपल्याच माणसांना परकं का करतो?

टाकळीचा माजी सैनिक
साठ वर्षांनी घरात बसून न्याय करणं सोपं आहे. अरुणाचलातलं बोमदिला चिन्यांच्या हाती पडलं होतं, आसामातलं तेजपूर रिकामं झालं होतं. शत्रू दारात असताना एकेकाला तपासायला सरकारला उसंत कुठली? आणि युद्धानं माणसं तुटतात एवढंच सांगू नका. १९६५ ला खेमकरणच्या आघाडीवर अब्दुल हमीदांनी रणगाडे फोडले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आमच्या पलटणीत आम्ही एका ताटात जेवलोय. भारतीय म्हणजे काय, ते मला तिथं कळलं.

शाहूपुरीकर
दादा, हमीदांपुढं मान झुकतेच. पण माझ्या घरात कुणी लढाई केली नाही, तरी मला भारतीय म्हणतात. त्यांच्या समाजातल्यांना मात्र रक्त सांडल्यावरच पावती मिळायची? अमेरिकेनं १९४२ पासून सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक छावण्यांत कोंडले. त्यांचीच पोरं अमेरिकी सैन्याच्या ४४२ व्या रेजिमेंटमधून युरोपात लढली, आईबाप काटेरी तारेआड. १९८८ मध्ये कायदा करून अमेरिकेनं माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. देवलीच्या लोकांना आपण काय दिलं?

गांधीनगरची कापडवाली
पोलिश लोक गेले, आणि त्याच छावणीच्या जागी फाळणीत आलेली आमची सिंधी माणसं वसली, तेच हे गांधीनगर. शाळेत राष्ट्रगीतात 'सिंध' आलं की पोरं माझ्याकडं वळून बघायची. सीमेवर तणाव असला की गिऱ्हाईक अजून विचारतं, "तुमचं मूळ गाव पाकिस्तानात ना?" मनात वाईट नसतं त्यांच्या. पण कापड मोजता मोजता माझा हात थांबतो. आजी तर 'निर्वासित' म्हटलं की ताट सारून उठायची. काका, तुमच्या पलटणीतलं ताट खरं असणार. गावात ते मिळत नाही.

टाकळीचा माजी सैनिक
ताई, तुमचा थांबलेला हात मनाला लागला. तरी युद्धात संशयिताला धरायचा हक्क सरकारला हवाच, तिथं मी ठाम आहे. पण धरावं ते माणसाला, वंशाला नाही. आणि कोर्टापुढं उभं करावं. शाहूपुरीकर, देवलीतून सुटलेल्यांना त्यांची घरं तरी परत मिळाली का?

शाहूपुरीकर
बऱ्याच जणांना नाही, दादा. घरं-दुकानं लिलावात गेली होती. कित्येक जण पुढं कॅनडाला निघून गेले.