शंकरपटाच्या गेममध्ये गाडी ताशी ११ च्या वर जात नाही, जू थरथरतं : युनिटी फिजिक्स

काळीमाती
राजेहो, शंकरपटाचा (बैलगाडीच्या शर्यतीचा) मोबाइल गेम बनवून राहिलो. गेम बनवायचं सॉफ्टवेअर युनिटी २०२०, थ्रीडी. दोन बैल, प्रत्येकी ३५० किलोची रिजिडबॉडी (वजन असलेली, जोर लावला की हलणारी वस्तू). जू ८ किलोचं, धुरी (जू न गाडी जोडणारा दांडा) १५ किलोची, गाडी धुरकऱ्यासह (हाकणाऱ्यासह) १८० किलो. सगळे वेगळे तुकडे हिंज जॉइंटनं (बिजागरीसारख्या जोडानं) जोडले. चाकाची त्रिज्या ०.४५ मीटर, त्याला कॉन्व्हेक्स मेश कोलायडर (टक्कर ओळखणारा, त्रिकोणांनी बनलेला फुगीर आकार).

गाडी ताशी ११ किलोमीटरच्या वर जात नाही. बैलांचा जोर दुप्पट केला तर चाकं फिरायच्या ऐवजी घसटत जातात. मले ताशी ४० पाहिजे. दुसरं, जू सारखं थरथरतं आणि मधेच गाडी हवेत उडते. म्हणून फिक्स्ड टाइमस्टेप (फिजिक्सचा हिशोब किती सेकंदांनी होतो ते) ०.००५ केला, सॉल्व्हर इटरेशन्स (जोडांचं गणित दर स्टेपला किती वेळा होतं ते) ३०. थरथर कमी झाली, पण ३ जीबी रॅमच्या फोनवर गेम आधी मंद होतो न मग अडकूनच बसतो. काय बदलू?

आख_तुंबा
भाऊ, तिन्हींची कारणं वेगळी आहेत. एका सेटिंगनं सुटणार नाहीत.

११ चा आकडाच सगळं सांगून राहिला. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये फिजिक्स उघडा, 'डिफॉल्ट मॅक्स अँग्युलर स्पीड' (वस्तू जास्तीत जास्त किती जोरात गोल फिरू शकते) पाहा. तिथे ७ असेल. हे रेडियन प्रति सेकंद. ७ गुणिले ०.४५ म्हणजे ३.१५ मीटर प्रति सेकंद, म्हणजेच ताशी ११.३ किलोमीटर. चाक त्याहून जोरात फिरूच शकत नाही, मग वाढवलेला जोर त्याले फरफटत नेतो. ताशी ४० साठी साधारण २५ रेडियन लागतात. तिथे ५० टाका, किंवा फक्त चाकांच्या रिजिडबॉडीवर स्क्रिप्टमधून मॅक्सअँग्युलरव्हेलॉसिटी ५० द्या.

थरथरीचं मूळ वजनात आहे. ३५० किलोच्या दोन बैलांमध्ये ८ किलोचं जू, म्हणजे ४४ ला १. सॉल्व्हर प्रत्येक जॉइंटची चूक थोडी थोडी वाटून घेतो. हलका तुकडा दोन जडांच्या मधात आला की त्याची दुरुस्ती दर स्टेपला उलटसुलट होते. तेच थरथरणं, आणि ते साचलं की गाडी उडते. इटरेशन्स वाढवून हे झाकलं जातं, जात नाही. जोडलेल्या दोन वजनांत १० पटीच्या वर फरक ठेवू नका.

जू आणि धुरी यांच्या रिजिडबॉडी काढून टाका. त्यांचे कोलायडर गाडीच्याच रिजिडबॉडीखाली चाइल्ड म्हणून ठेवा. आता एका बाजूले २०० किलोची गाडी, दुसऱ्या बाजूले ३५० चा बैल. प्रत्येक बैलाले एकच कॉन्फिगरेबल जॉइंट (ज्याची मोकळीक आपण ठरवू शकतो असा जोड), अँकर (जोडाचा बिंदू) जुवाच्या जागी. लिनियर (सरळ रेषेतली हालचाल) तिन्ही दिशांना 'लिमिटेड', लिमिट ०.०५ मीटर. 'लॉक्ड' करू नका: दोन्ही बैल जमिनीवर आणि दोन्ही एकाच गाडीला घट्ट, तर उंचसखल जागी सॉल्व्हरले उत्तरच सापडत नाही. बैलांचं एक्स आणि झेड रोटेशन फ्रीझ करा, म्हणजे ते पुढे-मागे की बाजूले कलंडणार नाहीत. सॉल्व्हर टाइप (गणिताची पद्धत) 'टेम्पोरल गॉस साइडेल' निवडला तर जॉइंट आणखी घट्ट बसतात.

तुकडे एकत्र केल्यावर सेंटर ऑफ मास (वजनाचा मध्य) स्क्रिप्टमधून स्वतः ठरवा. आखाच्या थोडं पुढे ठेवा, ०.१ मीटर पुरे. मागे गेला की गाडी उलाळ होते आणि बैलांचे पुढचे पाय उचलले जातात.

पूर्णाकाठ
वरचं सगळं बरोबर. फोनचं सांगते. ०.००५ म्हणजे सेकंदाला २०० स्टेप. 'मॅक्सिमम अलाउड टाइमस्टेप' (एका फ्रेममध्ये फिजिक्सचा जास्तीत जास्त किती वेळ भरून काढायचा ते) मुळात ०.३३३३ असतो, म्हणजे एक फ्रेम लांबली की पुढच्या फ्रेममध्ये इंजिन ६६ स्टेपपर्यंत भरून काढायला बसतं. त्यानं ती फ्रेम आणखी लांबते. अडकणं ते हेच. फिक्स्ड टाइमस्टेप परत ०.०२ करा, मॅक्सिमम ०.०६, इटरेशन्स १० पुरतात. मग फोन दमला तर गेम थोडा संथ होईल, थांबणार नाही. डेव्हलपमेंट बिल्ड (चाचणीची आवृत्ती) फोनवर चालवून प्रोफायलरमध्ये (वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या खिडकीत) एका फ्रेमला फिक्स्डअपडेट (फिजिक्सच्या दर स्टेपला चालणारा कोड) किती वेळा होतं ते पाहा. ३ च्या वर नको.

०.०२ वर हालचाल तुटक वाटली तर बैल आणि गाडी दोन्हीवर इंटरपोलेट (दोन स्टेपमधली जागा भरून दाखवणं) लावा, कॅमेरा लेटअपडेटमध्ये (फ्रेममधलं बाकी सगळं हलल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) हलवा. जोर मात्र फिक्स्डअपडेटमध्येच द्यायचा.

चाकाचा मेश कोलायडर काढाच. कॉन्व्हेक्सला २५५ त्रिकोणांची मर्यादा असते, चाक गोल न राहता कोनाकोनाचं होतं आणि वेगात उसळतं. व्हील कोलायडर (युनिटीतला खास चाकासाठीचा कोलायडर) वापरा, मग ७ रेडियनचा प्रश्नही उरत नाही. सस्पेन्शन डिस्टन्स ०.०५ (गाडीला कमानी नाहीतच). स्प्रिंग ३५००० तशीच ठेवा, डॅम्पर (स्प्रिंगची उसळी जिरवणारा) ४५०० वरून २५०० करा. एका चाकावर ९० किलो धरले तर क्रिटिकल डॅम्पिंग (ज्याच्यावर उसळी पूर्ण थांबते तो आकडा) ३५५० च्या आसपास येतं. ४५०० वर चाक खड्ड्यातून उशिरा वर येतं.

एक गोष्ट विसरू नका: मोटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) शून्य असलं तर ओढली जाणारी गाडी जागीच चिकटल्यासारखी वागते. दोन्ही चाकांना ०.०००१ द्या.

काळीमाती
जू शांत झालं, गाडी ३८ पर्यंत गेली, फोन अडकत नाही. लय आभार ताई, दादा. आता ओल्या काळ्या मातीचा पट करायचा आहे. फिजिक मटेरियलचं (पृष्ठभागाच्या गुणांच्या सेटिंगचं) फ्रिक्शन, म्हणजे घर्षण, बदललं, काहीच फरक नाही.

पूर्णाकाठ
व्हील कोलायडर फिजिक मटेरियलचं फ्रिक्शन पाहतच नाही, त्याचे स्वतःचे फ्रिक्शन कर्व्ह असतात. बाजूला घसरण्यासाठी साइडवेज स्टिफनेस (आडव्या पकडीचा गुणक) १ वरून ०.५ करा. पण चिखलात खरा अडथळा रुतण्याचा असतो, तो ब्रेक टॉर्कनं (चाक अडवणाऱ्या जोरानं) द्या. गेटग्राउंडहिट या फंक्शनमधून चाकावरचा भार मिळतो. भार गुणिले त्रिज्या गुणिले गुणांक: कोरड्याला ०.०४, ओल्याला ०.२ पासून सुरू करा. ८८० न्यूटन भाराला ब्रेक टॉर्क कोरड्यात १६, ओल्यात ७९ येईल.

आख_तुंबा
आणि ओलं कुठं हे टेरेनच्या (जमिनीच्या) रंगावरून काढत असाल तर रंग वाचणारं गेटअल्फामॅप्स फंक्शन दर स्टेपला बोलवू नका. फोनवर तेच जड जाते. गेम सुरू होताना एकदा ॲरेमध्ये (यादीत) भरून घ्या, मग चाकाच्या एक्स-झेड वरून वाचत राहा.