सेंट पॉलच्या (मिनेसोटा, अमेरिका) श्मिट ब्रुअरीतल्या घरांबद्दल कोणाला माहितीये का?

मीनल_एमएन:
धाकटी बहीण चित्रं काढते, जोडीला पार्टटाइम नोकरी आहे, तिला वेस्ट सेव्हन्थ स्ट्रीटवर ती लाल विटांची, किल्ल्यासारखे बुरूज असलेली जुनी ब्रुअरी आहे ना, तिथल्या आर्टिस्ट लॉफ्ट्समध्ये (कलाकारांसाठीच्या घरांत) भाड्याने जायचंय. आई पुण्याहून म्हणतेय, दारूच्या कारखान्यात कसली राहतेस 😄 माझा प्रश्न वेगळाय. शंभर वर्षांहून जुनी इमारत, उणे २५ मध्ये निभेल का? आणि भाडं इतकं कमी कसं, काही गोची आहे का?

बुरूजवाला:
आईंना सांगा बियर केव्हाच बंद झाली, २००० नंतर तिथे काही वर्षं इथेनॉल बनायचं तेव्हा वासाने आजूबाजूचे लोक जास्त हैराण होते. गोची वगैरे नाही, पण नियम आहेत. ऐतिहासिक इमारत नीट जपली तर खर्चाच्या २०% फेडरल टॅक्स क्रेडिट (केंद्र सरकारच्या करात तेवढी सूट) मिळतं, त्यात कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचं वेगळं क्रेडिट, त्यावर हे उभं राहिलंय. म्हणून भाडं कमी, आणि म्हणूनच उत्पन्न त्या भागाच्या मिडियन (मधल्या कुटुंबाच्या) उत्पन्नाच्या ६०% च्या आत लागतं. बहीण फुलटाइम शिकत असेल तर आधी विचारून घ्या, घरात सगळेच फुलटाइम विद्यार्थी असले तर बहुतेक वेळा अर्ज बाद होतो.

चुनाविटा:
मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो, शिकागोत. आतून उघडी वीट दिसते तिथे सहसा इन्सुलेशन नसतं, भिंत जाड असली तरी हात लावलात की गार लागणारच. लोक म्हणतात आतून फोम मारा की, पण मग घरातली ऊब विटेपर्यंत पोचत नाही, वीट ओली राहते, आतलं पाणी गोठतं आणि पुढच्या काही हिवाळ्यांत वरचे पापुद्रे निघायला लागतात. तसंच दरजा (विटांमधल्या फटी) भरताना सिमेंट वापरलं की वाट लागते, जुन्या नरम विटेला चुन्याचाच मसाला हवा. बघायला जाल तेव्हा खिडकीखालच्या विटा बघा, पांढरा क्षार दिसला तर पाणी मुरतंय. कोपऱ्यातला युनिट शक्यतो टाळा, दोन बाजूंनी गारठा.

मीनल_एमएन:
धन्यवाद दोघांना! ती पार्टटाइमच आहे, पगाराच्या स्लिपा जमवायला सांगते. हीटिंग भाड्यात धरलंय की वेगळं, ते पण विचारते.