वीसच्या आतला पट: समूह शाळा करायची की वाडीवरचीच शाळा टिकवायची?

पाटीपेन्सिल

समूह शाळेचा, म्हणजे जवळजवळच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा, विषय काढला की "गरिबांच्या शाळा बंद पाडताय" अशी ओरड सुरू होते, म्हणून आधी आकडे देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपर्यंत पट (विद्यार्थिसंख्या) असलेल्या शाळांचे समूह शाळा प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यात अशा शाळा १४,७८३, विद्यार्थी सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिक्षक २९,७०७ होते. म्हणजे शाळेमागे साडेबारा मुलं आणि शिक्षकामागे सहा.

सहा मुलांना एक शिक्षक ही कागदावर चैन आहे. प्रत्यक्षात काय होतं? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं, म्हणजे दिवसाला २४० मिनिटं. द्विशिक्षकी शाळेत एकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी ते पाचवी. तिसरीच्या मुलाच्या वाट्याला थेट शिकवणं आलं ८० मिनिटं. दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला, रजेवर किंवा मतदारयादीच्या कामावर गेले की पाची वर्ग एकाच्या गळ्यात, आणि वाटणी ४८ मिनिटांवर. त्यातच सर्व विषय! मुख्याध्यापकाचं पद १५० पटाच्या वरच मिळतं, त्यामुळे पदभारही यातल्याच एकाकडे. पोषण आहाराची नोंद, युडायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती), किर्द (रोजचा जमाखर्च), "माहिती तात्काळ सादर करा" छाप टपाल हे सगळं त्या २४० मिनिटांतूनच वजा होतं.

चार-पाच वाड्यांची मुलं एकत्र आली तर पट साठ-सत्तर होतो, कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६१ च्या पुढे तीन शिक्षक लागतात, आणि तिसरीच्या वर्गात दोन-तीनऐवजी बारा-चौदा मुलं बसतात. माझं मत सरळ आहे. इमारत वाचवायची की शिकवण्याची मिनिटं, हे ठरवा.

ओढ्यापलीकडे

असहमत. मिनिटांचा हिशेब केलात, आता अंतराचाही करा. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या. एकत्रीकरणाने ही मर्यादा मोडते, म्हणून वाहतूक द्यायची असं ठरतं. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेच्या निकषात ती एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६,००० रुपये. बारा मुलांचे झाले ७२,०००, आणि २०० दिवसांनी भागलं की दिवसाला ३६० रुपये. या ३६० रुपयांत सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या, डिझेल, चालक, विमा आणि गाडीचं पासिंग कोणी करून दाखवावं. घाटातला जीपवाला पहिल्याच महिन्यात हात वर करतो. पैसे पालकाच्या खात्यावर येणार, तेही सत्र उलटल्यावर, आणि चालकाला मात्र दर महिन्याला हवेत. मधली उसनवारी कोण करणार, शेतमजूर बाप?

आणि जुलैत साकवावरून पाणी गेलं की गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबते. सहा वर्षांच्या मुलीला आई एकटी पाठवत नाही, आठवडाभर घरीच ठेवते. पटावर नाव राहतं आणि मूल शाळेत नसतं.

आयुक्तालयाने नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ दाखवलं. पानशेतला बसची सोय केली, तोरणमाळला निवासाची. ती सोय कायम चालवायचा खर्च प्रत्येक तालुक्याला देणार का? निकष तर ६,००० चाच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहाच्या आतल्या पटाच्या १,३१४ शाळांचं स्थलांतर जाहीर झालं, तेव्हाही पहिली अडचण रस्त्याचीच होती.

किर्दखाते

दोघांच्याही हिशेबात एक गोष्ट सुटली आहे. बचत एका खिशात होते आणि खर्च दुसऱ्यातून जातो.

लहान शाळेवरचा खरा खर्च वेतनाचा. प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं. ज्येष्ठ शिक्षकाचा भत्त्यांसह महिना ऐंशी हजार धरला तर दोघांचे वर्षाला १९ लाख २० हजार, म्हणजे बारा मुलांत एका मुलामागे १ लाख ६० हजार. ऐकायला भयंकर. पण शाळा एकत्र केल्यावर हे पैसे सुटत नाहीत. शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि दुसऱ्या रिक्त जागेवर त्याचं समायोजन होतं. फायदा होतो तो पुढच्या भरतीत, आणि तो राज्याच्या वेतनाच्या लेखाशीर्षात (अर्थसंकल्पातल्या ठरलेल्या खर्चखात्यात) दिसतो. गाडी, जादा खोल्या, स्वच्छतागृह, स्वयंपाकघर हा खर्च मात्र समग्र शिक्षा, जिल्हा वार्षिक योजना आणि जिल्हा परिषदेच्या सेसवर येतो. समग्र शिक्षात केंद्र-राज्य वाटा ६०:४० आहे आणि वर्षाच्या आराखड्यात मंजूर झालं तेवढंच मिळतं. वेतनात वाचलेला रुपया बसच्या डिझेलला वळवायची सोयच नाही. त्यामुळे "एकत्र केल्यावर सुविधा वाढतील" हे वाक्य प्रस्तावात ज्या पानावर असेल, त्याच पानावर लेखाशीर्ष आणि रक्कम मागा. नसेल तर ती नुसती इच्छा आहे.

आता लहान शाळेची बाजू, तीही फार गोंडस नाही. संयुक्त शाळा अनुदान ३० पटापर्यंत १०,०००, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. एकतिसावं मूल ऊसतोडीला गेलं आणि पटावरून कमी झालं की शाळेचे १५,००० गेले, छप्पर मात्र तेवढंच गळतं. दहा हजारांतले किमान १० टक्के स्वच्छतेवर. वीजबिल महिना ४०० धरा, वर्षाचे ४,८०० गेले. उरलेल्या ४,२०० मध्ये खडू, नोंदवह्या, नेटचा रिचार्ज, नळदुरुस्ती. रंगरंगोटी आणि डिजिटल साहित्य लोकवर्गणीतून, म्हणजे गुरुजींच्या खिशातून.

तेही वेळेवर आलं तर. रक्कम खरी खर्चायला मिळते ती जानेवारी-फेब्रुवारीत. मग विक्रेत्याची पीएफएमएसवर (सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर) नोंद करा, मेकर-चेकर (एकाने नोंद, दुसऱ्याने मंजुरी) करा, देयकाची प्रिंट काढून सह्या घ्या, बँकेत द्या. विक्रेत्याचा आयएफएससी बँक विलीन झाल्यामुळे बदलला असेल तर व्यवहार परत येतो. ३१ मार्चला खर्चाची मर्यादा शून्य. पुढच्या वर्षी शेरा: "शाळेने निधी अखर्चित ठेवला." वीस पटाच्या शाळेत हे सगळं तिसरी ते पाचवी शिकवणाराच करतो.

त्रैराशिक

चर्चा पैशावर छान चालली आहे, पण मुलांना येतं किती यावर दोन्ही बाजू हवेत बोलत आहेत.

असर २०२४ या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणात देशभरातल्या सरकारी शाळांतली तिसरीची २३.४ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली, २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ होतं. पण हे सर्वेक्षण घरोघरी होतं, जिल्ह्यातली ३० गावं आणि गावातली २० घरं. त्यावरून जिल्ह्याचा अंदाज येतो, तालुक्याचा येत नाही, अमुक वाडीच्या शाळेचा तर मुळीच नाही. तरी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकीत हाच आकडा लहान शाळांच्या डोक्यावर आपटला जातो.

दुसरीकडे शाळेतच होणाऱ्या परीक्षा, म्हणजे पायाभूत चाचणी आणि दोन संकलित मूल्यमापनं. इथे शिकवणारा, तपासणारा आणि गुण ऑनलाइन भरणारा एकच. तिसरीत चार मुलं असतील तर एकाच्या गैरहजेरीने निकाल २५ टक्क्यांनी हलतो. गेल्या वर्षी "उत्कृष्ट" असलेली शाळा यंदा "मागे" दिसते, कारण एक हुशार मुलगी चौथीत गेली. एवढ्याशा संख्येवर टक्केवारी काढूच नये. मुलाचं नाव, सप्टेंबरची पातळी, मार्चची पातळी (अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट) असा एका पानाचा तक्ता, आणि मार्चची तपासणी शेजारच्या केंद्राच्या केंद्रप्रमुखाने (शाळांच्या एका गटावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने) करायची. सलग तीन वर्षांचे तक्ते एकत्र मोजले तर कुठे तीस-पस्तीस नोंदी होतात आणि बोलण्यासारखं काही हाती येतं.

एकत्रीकरण झालेल्या मुलांचा असा आधी-नंतरचा तक्ता मांडल्याशिवाय "गुणवत्तेसाठी" हा शब्द प्रस्तावात येऊ देऊ नये.

बाराखडी

पाटीपेन्सिल, तुमचा ८० मिनिटांचा हिशेब इयत्तेप्रमाणेच शिकवायचं असं गृहीत धरतो. बहुवर्ग अध्यापनात (अनेक इयत्ता एकत्र शिकवताना) तसं करतच नाहीत. भाषेच्या तासाला पहिली ते पाचवीची बारा मुलं पातळीनुसार तीन गटांत बसवा: अक्षरवाले, वाक्यवाले, उतारेवाले. पहिल्या गटाला शिक्षक समोर हवाच, वीस मिनिटं. तेवढ्यात दुसरा जोडीने वाचतो, तिसरा लिहितो. मग अदलाबदल. चौथीचं मूल अक्षरगटात बसलं तरी लाज वाटत नाही, कारण शेजारी त्याचाच भाऊ आहे. गणिताला असे गट टिकत नाहीत, तिथे भागाकार आणि बेरीज एकाच फळ्यावर मांडावी लागते आणि फळा अर्धा-अर्धा वाटावा लागतो.

हे बिघडतं कुठे? प्रशिक्षण एकवर्गीय शाळा डोळ्यांसमोर ठेवून होतं, आणि भेटीला आलेले अधिकारी विचारतात, "तिसरीचा कितवा पाठ चालू आहे?" पाठ पुढे गेलेला दाखवायचा म्हणून गट मोडतात.

असर २०२४ प्रमाणे देशातल्या निम्म्याहून जास्त सरकारी प्राथमिक शाळांत साठपेक्षा कमी मुलं आहेत. एवढ्या सगळ्या बंद होणार नाहीत, तेव्हा बहुवर्ग शिकवायला शिकणं टळत नाही. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरचा पट तीनवर आला होता. ती शाळा शंभरच्या पुढे गेली आणि २०२५ मध्ये जागतिक स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार घेऊन आली.

पाटीपेन्सिल

@बाराखडी, एका जालिंदरनगरवर चौदा हजार शाळांचं धोरण बसत नाही. तसा शिक्षक बदलीने गेला की काय उरतं? बदली धोरणात अवघड (दुर्गम) क्षेत्रात तीन वर्षं झाली की बदलीचा अधिकार मिळतो, आणि मिळाला की बहुतेक जण वापरतात. दोषही देता येत नाही. पण द्विशिक्षकी शाळेत एक बदली म्हणजे अर्धी शाळा बदलली.

कारभाराचंही बघा. शाळा व्यवस्थापन समितीत १२ ते १६ सदस्य, ७५ टक्के पालक, निम्म्या महिला. नऊ मुलं सहा घरांतली असतील तर नऊ पालक सदस्य आणायचे कुठून? मग नवरा-बायको दोघंही सदस्य, चुलताही सदस्य, आणि इतिवृत्त गुरुजींच्या हस्ताक्षरात. ही देखरेख नव्हे.

सहावी ते आठवीबद्दल तरी दुमत नसावं. तिथे गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र असे तीन विषयशिक्षक लागतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर वीसच्या खाली पट असलेल्या या वर्गांना शून्य पदं दाखवणाऱ्या संच मान्यता (पटानुसार मंजूर शिक्षकपदांच्या याद्या) शाळांच्या हातात पडल्या. त्या मुलांना तीन किलोमीटरवरच्या पूर्ण शाळेत नेलेलं बरं.

ओढ्यापलीकडे

सहावीच्या पुढच्या मुलांबद्दल मान्य, तीही सायकल आणि रस्ता असेल तिथे. पण तो शासन निर्णय पूर्ण वाचा. पहिली ते पाचवीला वीसपर्यंत पट असेल तर एक नियमित शिक्षक, आणि गरज असल्यास एक सेवानिवृत्त. पुढे ५ सप्टेंबर २०२४ ला तर दुसऱ्या जागी महिना १५,००० वर कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरवलं होतं. कायद्याच्या अनुसूचीत साठपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत. आधी एक शिक्षक काढायचा, मग "एका शिक्षकाने पाच वर्ग कसे होणार" म्हणून शाळाच हलवायची. तुमची ४८ मिनिटं अशीच तयार होतात. शिवाय संच मान्यतेत आधार जुळलेली मुलंच धरली जातात. जन्मतारखेतल्या एका चुकीने एकवीसचा पट वीस होतो.

समितीचं म्हणाल तर समूह शाळेची समिती मोठ्या गावात बसणार. मधल्या आळीचे पालक खुर्चीवर, कातकरी वस्तीची बाई मजुरी बुडवून सात किलोमीटर येणार का? वंचित गटांच्या पालकांना प्रमाणात जागा द्या असं कलम २१ सांगतं, पण वाडीनिहाय जागा त्यात नाही. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक होते, शिक्षण समितीत प्रश्न विचारायला निवडून आलेलं माणूसच नव्हतं.

किर्दखाते

मग ग्रामसभेच्या ठरावात नुसतं "संमती आहे" किंवा "विरोध आहे" लिहू नका. अटी लिहा. वाहतुकीचा करार शाळा सुरू होण्यापूर्वी, आणि पहिल्या तीन महिन्यांची रक्कम कुठल्या लेखाशीर्षातून ते नावासकट. प्रत्येक वाडीचा किमान एक पालक समितीत. पहिली-दुसरी वाडीवरच ठेवून तिसरीपासून नेता येईल का, याचं लेखी उत्तर. त्रैराशिक यांचा वाचनपातळीचा तक्ता हलवण्याच्या आधीच्या मार्चमध्ये. आणि जुन्या शाळेचा युडायस क्रमांक दोन वर्षं चालू ठेवायचा. तो एकदा बंद झाला की अनुदान, पोषण आहाराचा तांदूळ आणि शिक्षकाचं पद तिन्ही जातात, आणि गाडी बंद पडल्यावर मुलं परत आली तर त्यांच्यासाठी नवीन शाळेचा प्रस्ताव करावा लागतो.

पाटीपेन्सिल

दोन वर्षं क्रमांक चालू म्हणजे दोन वर्षं पदंही अडकलेली. समायोजनाच्या यादीत तो शिक्षक धरायचा की नाही?

किर्दखाते

धरायचा, पण "प्रतिनियुक्तीवर" असा शेरा मारून. पद मूळ शाळेचं राहतं, माणूस समूह शाळेत शिकवतो.