कधीच न पाहिलेला रंग डोळ्यासमोर आणता येतो का?

अनुजा_स

नमस्कार मंडळी. माझा मुलगा सातवीत आहे. चष्म्याचा नंबर काढायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी ती ठिपक्यांची इशिहारा पुस्तिका दाखवली आणि कळलं, की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. तो फारसा हिरमुसला नाही, पण घरी आल्यावर विचारतो, "आई, तुला दिसतो तो लाल मला डोळे मिटून आणता येईल का?" मी म्हटलं, बहुतेक नाही. तर म्हणाला, "मग तू तुला न दिसणारा एखादा रंग आणून दाखव."

मी खरंच प्रयत्न केला. जे सुचतं ते फिरून मोरपिशी, अबोली, नाहीतर राणी कलरवरच येतं. सगळ्यांचं असंच होतं का? त्याची नुसती समजूत घालायची नाहीये मला, खरं उत्तर द्यायचंय.

कवडसा

मला वाटतं येतो. मला एकदा स्वप्नात असा रंग दिसला होता, जागी झाल्यावर कुठल्याच रंगाशी जुळेना. सांगता मात्र येत नाही.

डाईंगमास्तर

अनुजाताई, लाखमोलाचा प्रश्न आहे पोराचा. मी इचलकरंजीत प्रोसेस हाउसला आयुष्यभर शेड मॅचिंग केलं, त्या बाजूने सांगतो. यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं उलट आहेत.

पहिला, मधल्या रंगाचा. पार्टी कापडाचा तुकडा पाठवते, आपण यलो, रेड आणि नेव्हीचं प्रमाण बसवून लॅब डिप, म्हणजे रंगवलेला छोटा नमुना, काढतो. एक डिप जरा तांबूस येते, दुसरी जरा निळी मारते. हवा असलेला टोन या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो आणि आपल्याकडे तो अजून कशावरच चढलेला नसतो. तरी मुरलेल्या माणसाला तो दिसतो. रेड किती कमी करायचा हे तो पुढची डिप लावायच्या आधीच लिहून मोकळा होतो. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७३९ मध्ये हेच विचारलं होतं. निळ्याच्या सगळ्या छटा गडद ते फिक्या अशा ओळीने मांडल्या आणि एकच गाळली, तर जन्मात ती न पाहिलेल्या माणसाला मनाने ती जागा भरता येईल का? त्याचं उत्तर होतं, येईल. खरं तर आधी अनुभव, मग कल्पना, असा त्याचा सिद्धान्त. त्याच्याच सिद्धान्ताला हा अपवाद अडचणीचा होता. तरी त्याने तो झाकून ठेवला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. आणि माझ्या कामाचा अनुभव त्याच्याच बाजूने आहे.

दुसरा प्रश्न ओळीच्या मधल्या नव्हे, ओळीच्याच बाहेरच्या रंगाचा. तुमचा मुलगा तो विचारतोय. तिथे माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

आमच्याकडे लाइट बॉक्स असतो. दोन तुकडे डी-६५ दिव्याखाली, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या प्रकाशात, शेजारी ठेवले की तंतोतंत एक. बटण दाबून टीएल-८४ ट्यूब लावली की त्यातला एक लगेच हिरवट दिसायला लागतो. याला मेटामेरिझम म्हणतात. लॉट रिजेक्ट होण्याचं हे एक मोठं कारण. आता तेच तुकडे स्पेक्ट्रोफोटोमीटरला, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत येतो ते मोजणाऱ्या यंत्राला, लावा. दोन्हींचे आलेख मुळातच वेगळे निघतात. म्हणजे पहिल्या दिव्याखालीही दोन कापडांवरून डोळ्यात वेगवेगळा प्रकाश येत होता. पण आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच जातींच्या. तिघींनी दोन्ही वेळा सारखाच जबाब दिला, की मेंदूच्या लेखी रंग एकच. चौथी जात असती, तर त्याच दिव्याखाली ते दोन रंग दिसू शकले असते.

तो फरक कागदावर छापून माझ्या हातात असतो. कुठल्या नॅनोमीटरला रेषा फुटते ते मी बोट ठेवून दाखवीन. पण तो दिसला असता तर कसा दिसला असता, हे काही केल्या मनात येत नाही. मुलाला नेमकं हेच सांगा. त्याच्या डोळ्यात लाल आणि हिरवा एकमेकांच्या जवळ येतात, तुमच्या-माझ्या डोळ्यात ते दोन तुकडे एक होतात. त्याची आणि आपली अडचण एकाच जातीची आहे.

कवडसा, स्वप्नातला रंग नवा *वाटला* हे मला मान्य आहे. पण तो परत आणून शेजारी धरता येत नाही, म्हणून मी तो धरत नाही.

नेत्रांजन

मास्तरांनी सुंदर मांडलंय. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, थोडी भर घालते.

कल्पनेला नाही जमत, पण डोळ्याला फसवून नवीन रंग *दाखवता* येतो. मधल्या जातीच्या शंकूपेशी एकट्या कधीच चेतवल्या जात नाहीत, कारण त्यांना जागा करणारा कुठलाही प्रकाश शेजारच्या पेशींनाही जागं करतो. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी लेझरने फक्त त्याच पेशी टिपल्या आणि २०२५ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. पाच जणांना एक निळसर हिरवा दिसला, इतका गडद की त्यात पांढरा प्रकाश मिसळून तो फिका केल्याशिवाय नेहमीच्या कुठल्याही रंगाशी जुळेना. त्यांनी त्याला 'ओलो' नाव दिलं.

घरी करण्यासारखंही एक आहे. झेंडूसारख्या भडक पिवळ्या कागदावर मधोमध ठिपका काढा, अर्धा मिनिट त्यावरच नजर रोखा, मग लगेच काळ्याभोर कागदाकडे बघा. एक निळा डाग तरंगेल. काळ्याइतकाच गडद, तरी निळा. कुठल्याही शेड कार्डवर तो सापडणार नाही. लाल-हिरव्याची अडचण असणाऱ्यांना निळा-पिवळा व्यवस्थित कळतो, त्यामुळे मुलालाही हा दिसेल.

आणि एक महत्त्वाचं. त्याच्या शंकूपेशींची एक जात मुळातच नाहीये, की फक्त सरकलेली आहे, म्हणजे नेहमीपेक्षा जरा वेगळ्या तरंगलांबीला जागी होते, हे विचारून घ्या. इशिहारावरून ते ठरत नाही. बहुतेकांची सरकलेली असते. तसं असेल तर त्याची 'जुळणी' आपल्यापेक्षा वेगळी असणार. २००५ च्या एका ब्रिटिश अभ्यासात अशा पुरुषांना रंगांच्या काही जोड्या स्पष्ट वेगळ्या दिसल्या, ज्या बाकीच्यांना एकच वाटत होत्या.

अनुजा_स

म्हणजे मास्तरांचे ते दोन तुकडे मला एक दिसतील आणि त्याला कदाचित दोन? हे त्याला वाचून दाखवल्यापासून तो मागेच लागलाय. पिवळ्या कागदाचा प्रयोग दोघांनी केला, दोघांनाही निळा दिसला.

डाईंगमास्तर

पत्ता व्यनि करा, माझ्याकडे जुन्या रिजेक्ट जोड्या पडून आहेत, पाच-सहा पाठवतो. ट्यूबखाली बघू नका. दुपारी खिडकीपाशी, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, तुकडे कडेला कड लावून ठेवा. आधी तुम्ही बघा, कुठल्या एकसारख्या वाटतात ते लिहून ठेवा आणि त्याला न सांगता मग त्याच्या हातात द्या.