अणुवीज केंद्राजवळ मोठा भूकंप झाला, तर घराबाहेर पडायचे की घरात थांबायचे?

प्रश्न: निवृत्त शिक्षक, लोहारा (जि. धाराशिव)

माझा धाकटा मुलगा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असून त्याने तिथेच सदनिका घेतली आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र तिथून सोळा किलोमीटरच्या आत आहे. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर 2018 पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी मी आमच्या जुन्या घरात झोपलो होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते आणि सगळे गाव दमून झोपले होते. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशीच गावातली बहुतेक घरे होती. आमच्या घराचा मधला भाग मात्र खणाचा होता, म्हणजे माळवदाचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर होता. भिंती कोसळल्या, पण खांब उभे राहिले, म्हणून आई आणि आम्ही दोघे भाऊ वाचलो. शेजारच्या घरात सगळा भार भिंतींवरच होता. त्या घरातले कोणीही वाचले नाही. आमचा भाग त्या वेळच्या भूकंप नकाशात पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखवलेला होता. 1992 मध्ये किल्लारीला धक्के बसत होते, तेव्हाही लोकांची समजूत याच नकाशाच्या आधारे घातली जात होती.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. ज्या नकाशाने आम्हाला दगा दिला, तशाच नकाशावर भरवसा ठेवून अणुवीज केंद्रे बांधली जातात का? दुसरे असे की, भूकंप झाला की घराबाहेर पडा, असे आम्ही तीस वर्षे मुलांना शिकवत आलो, आणि किरणोत्साराचा धोका असेल तर घरात जाऊन दारे-खिडक्या बंद करा, असे सांगतात. दोन्ही एकाच वेळी झाले, तर मुलाने आणि सुनेने काय करायचे? त्यांच्या इमारतीत मी चार जणांना विचारले, पण एकालाही उत्तर देता आले नाही.

उत्तर: निवृत्त अभियंता, नांदेड

गुरुजी, नमस्कार. मी अणुवीज केंद्रांच्या विद्युत देखभालीत उमेदीची सगळी वर्षे घालवली आहेत, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

केंद्राचे आराखडे विभागाच्या नकाशावर आखले जात नाहीत. नकाशाचा उपयोग जागा नाकारण्यापुरता होतो: सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या विभागात केंद्र उभारता येत नाही, आणि जागेपासून पाच किलोमीटरच्या आत सक्रिय भ्रंश, म्हणजे जमिनीखालच्या खडकातली सरकू शकणारी भेग, आढळला तरी ती जागा बाद होते. त्यानंतर सुमारे तीनशे किलोमीटर परिसरातील भ्रंश आणि पूर्वीचे भूकंप अभ्यासून त्या विशिष्ट जागेसाठी हादऱ्याच्या दोन पातळ्या ठरवतात. पहिली पातळी केंद्राच्या आयुष्यात अनुभवास येऊ शकेल अशी असते. ती ओलांडली गेली, तर केंद्र बंद करून तपासणी करावी लागते. दुसरी दहा हजार वर्षांत एकदा येऊ शकेल इतकी दुर्मीळ धरतात, आणि त्या हादऱ्यातही अणुभट्टी बंद होणे, ती थंड राहणे आणि किरणोत्सारी द्रव्य आत कोंडलेले राहणे, या तीन गोष्टी साधल्याच पाहिजेत.

तरीही आपली शंका मला रास्त वाटते, कारण किल्लारीचा भ्रंश बेसाल्टच्या थराखाली होता आणि 6.2 तीव्रतेचा धक्का येईपर्यंत तो कोणाच्या हिशेबात नव्हता. 2002 मध्ये देशाच्या नकाशातून पहिला विभागच काढून टाकला गेला आणि त्या नकाशात किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. असाच प्रकार अमेरिकेतही घडला. 23 ऑगस्ट 2011 रोजी व्हर्जिनिया राज्यात, भूकवचाच्या प्लेटच्या सीमेपासून दूर, 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि नॉर्थ ॲना अणुवीज केंद्रात आराखड्यात धरलेल्यापेक्षा अधिक हादरा नोंदला गेला. वापरलेले इंधन ठेवलेली शंभर टनांहून जड पिंपे जागेवरून काही इंच सरकली, पण दोन्ही अणुभट्ट्या सुखरूप बंद झाल्या, कारण बांधकामात हिशेबापेक्षा जास्तीचे बळ राखलेले होते. आपल्या खणाच्या घरातील खांबांनी केले, तेच काम या राखीव बळाने केले.

माझी खरी काळजी काँक्रीटची कधीच नव्हती. ती विजेची आणि पाण्याची होती. अणुभट्टी बंद केली म्हणजे चूल विझवली, असे होत नाही. तारापूरच्या 540 मेगावॉटच्या एका अणुभट्टीत सुमारे 1,700 मेगावॉट उष्णता तयार होते आणि भट्टी बंद केल्याच्या क्षणीही तिच्यापैकी सहा-सात टक्के, म्हणजे शंभर मेगावॉटहून अधिक, उष्णता इंधनातून निघतच राहते. ती वाहून नेणारे पाणी फिरत ठेवावे लागते आणि त्यासाठी वीज लागते. जपानमधील फुकुशिमा केंद्रात 11 मार्च 2011 रोजी 9.0 तीव्रतेच्या भूकंपात चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. बाहेरची वीज गेल्यावर डिझेल जनित्रेही सुरू झाली होती. पाऊण-एक तासाने आलेल्या त्सुनामीने तळघरातील जनित्रे आणि वीजफलक बुडवले आणि तिथून सगळे बिघडत गेले. सहाव्या भट्टीचे एक हवेने थंड होणारे जनित्र उंचावर होते. त्या एकट्याने पाचवी आणि सहावी, अशा दोन्ही भट्ट्या सांभाळल्या.

आपल्याकडे उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात 31 मार्च 1993 रोजी, म्हणजे किल्लारीच्या सहा महिने आधी, टर्बाइनला आग लागून केंद्रातील सगळी वीज सुमारे सतरा तास गेली होती. अग्निशमनाच्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांना पाणी दिले गेले आणि अणुभट्टीचा गाभा, म्हणजे इंधनाचा भाग, वाचला. त्या घटनेनंतर आमच्या विभागात केबलच्या मार्गांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. एका यंत्रणेच्या आणि तिच्या पर्यायी यंत्रणेच्या केबल एकाच चरातून गेल्या असतील, तर कागदावर दोन यंत्रणा असूनही प्रत्यक्षात एकच असते. बॅटरीच्या खोलीत मी हाताने तपासत असे ती गोष्ट अगदी साधी होती: बॅटऱ्या ठेवायचे सांगाडे जमिनीला बोल्टने घट्ट जखडलेले आहेत ना, आणि दोन बॅटऱ्यांमध्ये त्यांना एकमेकींवर आपटू न देणारे तुकडे बसवलेले आहेत ना. भूकंपात बॅटरी घसरली, तर नियंत्रण कक्षातले काटे आणि दिवे, सगळेच जाते.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांविषयीही सांगायला हवे. त्या 1969 च्या, फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीच्या पिढीतल्या आणि त्याच बनावटीच्या आहेत. त्या बांधल्या गेल्या तेव्हा आजची पद्धत नव्हती. पुढे भूकंपाच्या दृष्टीने त्यांची फेरतपासणी होऊन सुधारणा करण्यात आल्या. अशी फेरतपासणी पुन्हा पुन्हा होत राहावी, असा आग्रह नागरिकांनी धरला, तर तो मला योग्यच वाटेल.

उत्तर: निवृत्त परिचारिका, लातूर

गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. 1993 मध्ये मी मदतपथकासोबत औसा तालुक्यातील गावांत होते. पाऊस पडत होता, अंगावर धड पांघरूण नव्हते, तरी ज्यांची घरे उभी होती तीही माणसे छपराखाली यायला तयार नव्हती. एक बाळंतीण ताडपत्रीखाली चिखलात बसून होती आणि दहा पावलांवरच्या शाळेच्या पक्क्या खोलीत यायला ती कशीच राजी होईना. अशा माणसांना ध्वनिक्षेपकावरून "घरात थांबा" असे सांगून कोणी ऐकणार नाही, हे योजना आखणाऱ्यांनी आधीच गृहीत धरायला हवे.

जपानच्या नोतो द्वीपकल्पात 1 जानेवारी 2024 रोजी 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा नेमका हाच पेच समोर आला. तिथले शिका केंद्र 2011 पासून बंदच होते, म्हणून अनर्थ टळला. पण रस्ते खचल्यामुळे बाहेर पडता येत नव्हते, घरे पडल्यामुळे आत थांबता येत नव्हते आणि किरणोत्सार मोजणाऱ्या काही ठाण्यांकडून आकडे येणेही थांबले होते.

आपल्या मुलाने क्रम असा ठेवावा. हादरा सुरू असताना टेबलाखाली बसून डोके सांभाळावे आणि तो थांबल्यावर मोकळ्या जागेत यावे, कारण पडणारी भिंत हा त्या क्षणीचा धोका असतो. केंद्रात बिघाड झालाच, तरी किरणोत्सारी द्रव्य बाहेर पडायला बहुधा काही तास जातात, आणि त्या अवधीत इमारतीला मोठ्या भेगा आहेत का, हे पाहून घेता येते. प्रशासनाने आत थांबायला सांगितले आणि आपली इमारत धोकादायक झाली असेल, तर जवळची धडधाकट पक्की इमारत कोणती, हे आजच ठरवून ठेवलेले असावे. पिण्याचे पाणी आणि अन्न झाकून ठेवावे. पोटॅशियम आयोडाइडची गोळी केवळ थायरॉईड ग्रंथीला किरणोत्सारी आयोडिनपासून वाचवते, इतर कशापासूनही नाही. ती सांगितल्याशिवाय घेऊ नये आणि सांगितल्यावर उशीर करू नये. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना ती आधी द्यावी. दुधावर सर्वांत आधी बंदी येते, कारण आयोडिन चाऱ्यावाटे जनावरांत आणि तिथून दुधात लवकर उतरते. त्याचे प्रमाण दर आठ दिवसांनी निम्मे होते, म्हणून जनावरांना झाकलेला कडबा घातला, तर पुष्कळ फरक पडतो.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. फुकुशिमाजवळच्या एका रुग्णालयातील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घाईघाईने हलवण्यात आले आणि प्रवासात व त्यानंतर त्यांच्यापैकी अनेक जण दगावले. घरात आजारी माणूस असेल, तर बाहेर काढण्याची घाई हीच त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याच्यासाठी वाहन, औषधे आणि सोबत येणारे माणूस आधी ठरलेले असावे.

उत्तर: वसमत (जि. हिंगोली) येथील वाचक

मार्च आणि जुलै 2024 मध्ये आमच्याकडे 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येणे तर नेहमीचेच झाले आहे. ताईंनी लिहिले ते अगदी खरे आहे. धक्क्यानंतर माणसे दिवसभर अंगणातच राहतात. बोईसरच्या लोकांना सूचना नेमकी कोण देणार, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर: निवृत्त अभियंता, नांदेड

केंद्राच्या कुंपणाच्या आतली जबाबदारी केंद्रप्रमुखाची असते. कुंपणाबाहेर सोळा किलोमीटरपर्यंतच्या आणीबाणीची योजना जिल्हाधिकारी राबवतात, आणि आत थांबणे, गोळी घेणे किंवा गाव सोडणे यांविषयीचे आदेश त्यांच्याकडूनच येतात. या योजनेचा सराव साधारणपणे दोन वर्षांतून एकदा होतो. गुरुजी, आपल्या मुलाने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात अर्ज देऊन तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: आमच्या वस्तीसाठी एकत्र जमण्याची जागा कोणती, ती इमारत भूकंपाच्या दृष्टीने तपासलेली आहे का, आणि पुढचा सराव केव्हा आहे.

प्रश्नकर्ते: निवृत्त शिक्षक, लोहारा

आपणा सर्वांचा आभारी आहे. पुढच्या आठवड्यात मी बोईसरला जातो आहे. तो अर्ज मी स्वतः लिहून देईन आणि खाली इमारतीतील सगळ्यांच्या सह्या घेईन. ताई, सुनेला सातवा महिना सुरू आहे, त्यामुळे आपण सांगितलेली गोळी आणि वाहन या दोन्ही गोष्टींची चौकशी आधी करतो.