कॉर्नवॉलच्या खाणीत पगार मिळायचा का?

प्रश्न: 1841 च्या जनगणनेत इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या ग्वेनॅप गावाकडची घरं बघतोय. बाप तांब्याच्या खाणीत, पोरगी खाणीत, दहा वर्षांचा पोरगाही तिथेच. यांना महिन्याचा पगार असायचा का?

खडकफोड्या: पगार कसला! लिलाव असायचा, तोही उलटा. खाणीचा कॅप्टन कचेरीसमोर उभा राहून जागेचा एकेक तुकडा पुकारायचा आणि टोळ्या बोली उतरवत जायच्या: ‘निघेल त्या खनिजाच्या किमतीत पौंडामागे इतके शिलिंग आमचे.’ कमी मागेल त्याला तुकडा. याला ट्रिब्यूट म्हणत. खनिजाची शीर चांगली लागली तर चंगळ, नाहीतर राबून वर उधारी. नुसतं खोदकाम करणारे टटवर्कवाले वेगळे. त्यांना फॅदमला, म्हणजे सहा फुटाला, दर. आणि मेणबत्त्या, सुरुंगाची दारू? तेही मजुराच्याच हिशेबातून वजा. मला तर आपल्याकडचे मुकादम आठवले.

प्रश्नकर्ता: आणि पोरी? त्या खाली उतरायच्या?

खडकफोड्या: कॉर्नवॉलमध्ये नाही. त्या ‘बाल मेडन’. कॉर्निश भाषेत बाल म्हणजे खाण. वर उघड्यावर हातोड्याने दगड फोडायचे, मग बारीक करायचे. त्यांना मात्र रोजंदारी, पुरुषांपेक्षा बरीच कमी.

जुनीपानं: शिड्या विसरलात. पाळी संपली की शेकडो फूट शिड्या चढून वर, टोपीला ओल्या मातीने चिकटवलेली मेणबत्ती. ट्रेसावियन खाणीत माणसं वर आणणारं यंत्र आलं 1842 मध्ये. त्या चढण्याचा वेगळा पैसा नव्हता.