मसाई पठारावर पाहुणे न्यायचेत, आपापले अनुभव सांगा

गेल्या सप्टेंबरात पुण्याची मावशी-काका आले होते. अंबाबाई झाली, रंकाळा झाला, म्हटलं चला, आता पन्हाळ्याजवळचं मसाई पठार दाखवतो. वर पोचलो. जांभ्याचा, म्हणजे लाल दगडाचा, उघडा सपाट सडा, भन्नाट वारा, नजर जाईल तिथवर गवत. काका दहा मिनिटं कमरेवर हात ठेवून उभे. मग म्हणाले, "छान आहे हो. पण पॉइंट कुठाय?"

यंदा परत येतायत. तुम्ही पाहुण्यांना पठार कसं दाखवता? फजिती झाली असेल तर तीही सांगा, लाजू नका.

पन्हाळ्यावरनं

काकांना आधी खाली बसवा. खरंच सांगतोय. उभं राहून मसाई दिसत नाही. दगडाच्या खळग्यात बोटभर पाणी साचलेलं असतं, त्याच्या कडेला निळी-जांभळी फुलं येतात, सीतेची आसवं. नखाएवढी. नाजूक दिसतात, पण झाड किडेखाऊ आहे. मुळाशी बारीक पिशव्या असतात, त्यात पाण्यातले जीव अडकतात. माझ्या भाच्यानं हे ऐकलं आणि तासभर उठलाच नाही.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, सकाळी लवकर, रविवार सोडून. कोल्हापूरच्या सीबीएसवरनं (मध्यवर्ती बसस्थानक) पन्हाळ्याला एसटी मिळते, पुढं स्वतःची गाडी पाहिजे. वर सावली नाही, पाणी घेऊनच चला. वीज कडाडायला लागली की फोटोबिटो सोडून खाली यायचं, अख्ख्या सड्यावर उंच म्हणजे आपणच असतोय.

पदभ्रमंतीवाला, शिवाजी पेठ

आम्ही जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून याच वाटेनं विशाळगडाकडं गेले. पन्हाळ्याच्या राजदिंडी दरवाजातनं उतरायचं, तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग पठार. एका वर्षी आम्ही चौघं मागं राहिलो आणि वर धुकं असं आलं की स्वतःचे बूट दिसंनात. पठारावर खूण धरायची कशाची? झाड नाही, घर नाही. अर्धा तास चाललो आणि मघाशी मीच टाकलेलं केळ्याचं साल परत पायाखाली आलं! शेवटी म्हशींच्या घंटा ऐकू आल्या. इरलं पांघरलेले एक आजोबा होते, म्हणाले, "पोरांनो, वारं उजव्या गालावर घ्या आणि सरळ चला." गेलो तर मसाईदेवीचं देऊळच समोर. त्या दिवसाच्या वाऱ्याचा हिशोब होता तो, तुम्ही तसंच करू नका. जुलैत माहितगार सोबत घ्या.

कणकवलीची, हल्ली राजारामपुरी

ह्या जांभ्या दगडाला आमच्याकडे चिरा म्हणतात. माझ्या माहेरच्या भिंती ह्याच्याच. खाणीतून काढताना बेताचा मऊ असतो, म्हणून तासता येतो, आणि वारा-ऊन लागलं की कडक होतो. मूळचा काळा पाषाणच, पण हजारो-लाखो वर्षांच्या पावसानं त्यातलं बाकीचं धुऊन नेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. गंजाचा लाल रंग तो. सासूबाईंना मी कड्याच्या बाजूला नेऊन दाखवलं: वर लाल टोपी, खाली काळा दगड. त्या म्हणाल्या, "म्हणजे अंबाबाईच्या देवळाचा दगड म्हातारा झाला की असा होतो?" जवळपास तसंच की!

नाव नको

माझी फजिती. नवीन गाडी, पोरांचा हट्ट, घातली सड्यावर. दगडावर माती इंचभर, असं समजून गेलो आणि मधल्या ओल्या पट्टीत चाक बसलं. खालच्या गावातनं ट्रॅक्टर आणायला चार तास. पैसे गेले त्याचं काही नाही हो. गाडी निघाल्यावर मागं दोन चर पडलेले, त्यात चिरडलेली फुलं. पुढच्या वर्षी गेलो तर चर तसेच, त्यात गवतसुद्धा नव्हतं. आता लांब कडेलाच लावतो, बायको अजून टोमणे मारते.

उचगाव

पांडवदरा कुणीच कसा सांगितला नाही? पठाराच्या कडेनं थोडं खाली उतरलं की कोरीव लेणी आहेत. पावसाळ्यात वाट निसरडी, शेवाळावर पाय द्याल तर आडवे व्हाल. मावशींचे गुडघे दुखत असतील तर हे राहू दे, जोतिबाच्या वाटेवरची पोहाळ्याची लेणी दाखवा.

शाहूपुरी (धागा काढणारा)

वारं, बसणं, कड्याची लाल टोपी, सगळं लिहून घेतलं. काकांना फोन केला, म्हटलं यंदा पॉइंट दाखवतो, फक्त मांडी घालून बसावं लागेल. म्हणाले, "मांडी जमत नाही, स्टूल आणू का?"

पन्हाळ्यावरनं

आणू द्या. उतरताना झुणका-भाकरी खायला तेच स्टूल कामाला येतंय. खरडा मात्र त्यांना आधी चिमूटभरच द्या.